तिकिटातलं जेवण की विकतचं सँडविच? सोलापूरहून दिल्ली गाठणाऱ्यांसाठी

दिल्लीला विमानाने जायचं ठरलं की मोबाइलवर दोन तऱ्हेची तिकिटं दिसतात. एकात जेवण धरलेलं, दुसऱ्यात नाही. दरातला फरक कधी दोन-तीनशेचा, कधी हजाराचा, कधी चक्क उलटा. टॉवेलच्या धंद्यामुळे माझं दिल्ली-पानिपतकडे जाणं-येणं असतं, दोन्ही तऱ्हांनी पुष्कळ फिरून झालंय. त्यामुळे ओळखीतले लोक तिकीट काढायच्या आधी फोन करतात, "मालक, कुठलं घेऊ?" त्यांना फोनवर तुटक-तुटक जे सांगतो ते इथे जरा निवांत लिहितो. बॅगेचे किलो, पायांपुढची जागा, रद्द केल्यावर कापले जाणारे पैसे हे सगळं तुम्हाला स्क्रीनवर दिसतंच, ते सोडून देतो. फक्त खाण्याबद्दल बोलतो. तिकीट आपण दर बघून काढतो, पण परत आल्यावर कुरकुर करतो ती खाण्यावरून.

आधी सोलापूरकराच्या भुकेचं गणित मांडू. पुणे-दिल्ली उड्डाण सव्वादोन तासांच्या आसपासचं. पुण्याचा माणूस घरून जेवून निघतो आणि दिल्लीत उतरून जेवतो, मधले दोन तास त्याला जड जात नाहीत. आपल्याला आधी अडीचशे किलोमीटर पुणं गाठायचं असतं. सकाळच्या विमानासाठी रात्रीची बस आणि दुपारच्या विमानासाठी पहाटेची गाडी. टेंभुर्णीला चहा झाला तर झाला, भिगवणला थांबायला वेळ नाही, हडपसरची गर्दी पोटात गोळा आणते, आणि लोहगावच्या विमानतळावर दोन तास आधी पोचायचंच. हैदराबादमार्गे गेलात तरी तीनशेच्या वर किलोमीटर आहेतच. म्हणजे घरचा घास खाऊन सात-आठ तास उलटलेले असतात तेव्हा आपण खुर्चीचा पट्टा लावत असतो. "दोन तासांत काय खायचं असतं?" असं पुण्यातले पाहुणे विचारतात तेव्हा मी गप्प बसतो.

होटगी रोडचा आपला विमानतळ आता पुन्हा जागा झालाय. जून २०२५ मध्ये फ्लाय ९१ चं गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये स्टार एअरचं मुंबईचं. पण ही तासाभराची उड्डाणं. साखर कारखान्याची चिमणी दिसेनाशी झाली म्हणेपर्यंत (आता ती चिमणीही नाही म्हणा) उतरायची सूचना होते, तिथे जेवणाचा वाद कशाला? मुंबईहून पुढे दिल्ली धरलीत तर मात्र पुढचं सगळं तुम्हालाही लागू.

विमानातलं ताट एका दिवसात गेलेलं नाही. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन आली तेव्हा "खायला विकत" ही गोष्ट लोकांना अपमानासारखी वाटली होती. मग २००५ मध्ये स्पाइसजेट आली, २००६ मध्ये इंडिगो, आणि लोकांना सवय झाली. त्याच सुमाराला किंगफिशरने उलटी दिशा धरली होती. खाणं-पिणं, आदरातिथ्य, सगळं राजेशाही. २०१२ मध्ये ती बंद पडली. जेट एअरवेजने सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वांत स्वस्त तिकिटांवरचं जेवण काढलं, जानेवारी २०१९ पासून आणखी काही तिकिटांवरचं काढलं, आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीच जमिनीवर आली. जेवण काढल्यामुळे ती बुडाली असं कोणी म्हणणार नाही. पण पैसा आटायला लागला की आधी हात ताटाकडे जातो, एवढं दिसलं. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विरून गेली. म्हणजे आज देशातल्या देशात "जेवणासकट" म्हटलं की मोठं नाव जवळपास एकच उरतं, आणि दुसऱ्या बाजूला इंडिगो एकटी दहातले सहा प्रवासी वाहून नेते.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. अमेरिकन एअरलाइन्सने १९८७ च्या सुमारास सॅलडमधलं एक-एक ऑलिव्ह कमी करून वर्षाला ४०,००० डॉलर वाचवले, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात अजून सांगतात. ब्रिटिश एअरवेजने जानेवारी २०१७ पासून जवळच्या मार्गांवर खाणं विकायला काढलं आणि चार वर्षांनी पाण्याची बाटली अन् छोटासा खाऊ परत फुकट द्यायला सुरुवात केली. काहीतरी बोचलं असणार.

मला त्याहून बोलका वाटतो तो कोरोनाचा काळ. मे २०२० मध्ये देशांतर्गत विमानं पुन्हा उडाली तेव्हा आत खायला काहीच मिळत नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी पाकीटबंद खाणं आलं, एप्रिल २०२१ मध्ये दोन तासांखालच्या उड्डाणांवर पुन्हा बंदी आली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सगळं मोकळं झालं. त्या काळात जेवण देणारी आणि न देणारी कंपनी आतून अगदी सारखीच दिसायची. मी स्वतः तेव्हा जेवणवाल्या कंपनीचाच माणूस होतो. मग लक्षात आलं की आपण तिकीट काढताना जेवणाकडे बघतच नाही आहोत, बघतोय ते सुटायच्या वेळेकडे.

आता तिकिटातल्या जेवणाची खरी बाजू आधी सांगतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की याचं आधीच ठरलं होतं.

पहिली गोष्ट म्हणजे ते गरम असतं. जमिनीवर शिजवून, थंड करून चढवलेलं, आणि वर ओव्हनमध्ये तापवलेलं. पण सकाळपासून पोटात एक चहा असलेल्या माणसाला फॉइल उघडल्यावर येणारी वाफ पुरते. वर गेल्यावर चवही बदलते. विमानाच्या आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा, आणि हवा इतकी कोरडी की नाक सुकून जातं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्थान्सासाठी यावर अभ्यास केला होता. मीठ आणि साखर दोन्ही वर फिकी लागतात, टोमॅटोसारखी आंबट-भरीव चव मात्र टिकते. त्यामुळे टोमॅटोच्या रश्श्यातलं पनीर वर बऱ्यापैकी लागतं आणि बन भुश्शासारखा. हे मी नुसतं वाचून सांगत नाही, खाऊन सांगतोय.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आईला पहिल्यांदा विमानात नेलं तेव्हा तिला खिडकीपेक्षा त्या ताटाचं कौतुक वाटलं होतं. छोटी वाटी, छोटा चमचा, लोण्याची वडी, मीठ-मिऱ्याच्या इवल्या पुड्या. न मागता समोर आलं, कोणी पैशाचं बोललं नाही. नंतरच्या एका प्रवासात बिनजेवणाच्या विमानात तिला विचारलं, काही घेऊ का? तिने माझ्या हातातल्या कार्डावरचे दर वाचले आणि म्हणाली, "मला भूक नाही रे." भूक होती. पण एवढ्या पैशात घरातले सगळे जेवतील, हा हिशेब तिच्या तोंडावर दिसत होता. तिला घास गेला नाही आणि मलाही गेला नाही. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदा नेत असाल, तर पुढचं काही न वाचता जेवणासकट तिकीट काढा. हजार रुपये जास्त गेले तरी काढा.

एकट्याने कामासाठी जाताना मात्र माझं मन फिरलं, आणि ते एकाच वाक्याने फिरलं.

ही गोष्ट जेवण देणाऱ्या कंपन्या दोन-तीन होत्या तेव्हाची. त्यातली कुठली, ते सांगत नाही. दिल्लीहून पुण्याला संध्याकाळचं विमान. दिवसभर गाठीभेटी, दुपारी एका गोदामात उभ्या-उभ्या दोन कचोऱ्या. मला सीट नेहमीसारखी मागची मिळालेली. आमच्या घरात शाकाहार, आणि श्रावण होता. ट्रॉली पुढून हळूहळू सरकत आली, वास आला, मी समोरचं टेबल उघडून ठेवलं. एअर होस्टेसने अगदी गोड हसून सांगितलं, "सॉरी सर, ओन्ली नॉन-व्हेज लेफ्ट."

शाकाहारी माणसाने मागच्या सीटवर बसून विमानप्रवास केला असेल तर हे वाक्य त्याने ऐकलेलं असतंच. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. किती व्हेज आणि किती नॉन-व्हेज चढवायचं हे मार्गावरच्या आधीच्या खपावरून ठरतं, माणसागणिक दोन्ही पर्याय चढवत नाहीत. शिवाय मांसाहार करणारी पुष्कळ माणसं विमानात "पनीरच द्या" म्हणतात, कारण विमानातलं चिकन त्यांनाही धड वाटत नाही. पुढच्या रांगांनी दोन्हींतलं हवं ते निवडलं की मागच्या रांगांच्या वाट्याला निवड उरतच नाही. मला एक बन, लोण्याची वडी आणि गुलाबजाम असं दिलं. शेजारच्या गृहस्थांपुढे पूर्ण ताट. ते बिचारे संकोचून खात होते आणि मी खिडकीतून अंधार बघत होतो. पंगतीत बसवून एकाला वाढावं आणि दुसऱ्याला नुसतं मीठ वाढून पुढे जावं, तसं झालं.

बरं, पोट काय, भरतंच कुठेतरी. रात्री इंदापूरच्या पुढे एका ढाब्यावर पिठलं-भाकरी मिळाली. डोक्यात बसलं ते वेगळंच. मी तक्रार करायला गेलो तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे तक्रारीला धरायला काहीच नाही. तिकिटावर जेवणाची वेगळी किंमत लिहिलेली नव्हती. भाडं, इंधन, विमानतळाचे शुल्क, कर असं सगळं होतं, जेवण नव्हतं. मग परत काय मागणार? "सर, मील्स आर कॉम्प्लिमेंटरी." म्हणजे ती मेहेरबानी, आणि मेहेरबानी कमी पडली म्हणून भांडता येत नाही. बिनजेवणाच्या तिकिटाच्या दरात आणि माझ्या तिकिटाच्या दरात सातशे-आठशेचा फरक होता, तो मात्र मी रोख मोजला होता. फुकट म्हणून दिलेल्या वस्तूचे पैसे आपणच भरतो आणि ती मिळाली नाही तर बोलायचीही सोय नाही, ही गोष्ट व्यापारी माणसाला पचायला जड जाते. माझ्या गिऱ्हाइकाला डझनात अकराच टॉवेल पाठवून "बारावा कॉम्प्लिमेंटरी होता" असं म्हणून बघा!

या त्रासावर एक तोडगा आहे, तो सांगायला हवा. जेवणासकट तिकीट काढलं तरी साइटवर जाऊन खास जेवण नोंदवता येतं: हिंदू शाकाहारी, जैन, मधुमेहींसाठीचं, असे प्रकार असतात. त्यांची सांकेतिक अक्षरंही ठरलेली आहेत, एव्हीएमएल म्हणजे आपलं शाकाहारी, व्हीजेएमएल म्हणजे जैन, डीबीएमएल म्हणजे मधुमेहाचं. किमान एक दिवस आधी नोंदवलं की ते ताट तुमच्या सीट नंबरावर चढतं आणि बहुधा ट्रॉली निघायच्या आधी हातात येतं. हे केलं तर माझी तक्रार निम्मी होते, हे प्रामाणिकपणे मान्य. बायकोला साखरेचा त्रास आहे, तिच्यासाठी मी हेच करतो. पण विमानाची वेळ बदलली, तुम्हाला दुसऱ्या उड्डाणात बसवलं, की ही नोंद बरोबर येईलच याची खात्री नाही. नाही आली तर पुन्हा तेच हसू आणि तोच बन.

आता विकतच्या बाजूला येऊ. तिथे सगळं गोड आहे असं मुळीच नाही.

विमानात बसल्यावर खाणं विकत घ्यायचं म्हणाल तर कृपा करून घेऊ नका. इंडिगोच्या ए-३२० विमानात १८६ पर्यंत सीटा असतात, आणि पन्नास सीटांमागे एक या नियमाने आत चार जण. विमान चढताना आणि उतरताना त्यांनाही बसून राहावं लागतं. उरलेल्या दीड-पावणेदोन तासांत चौघांनी शे-दीडशे माणसांना दर सांगायचे, कार्डाचं मशीन फिरवायचं, सुट्टे शोधायचे आणि कपात गरम पाणी ओतायचं. मागच्या रांगेपर्यंत ट्रॉली येते तेव्हा अर्धी यादी संपलेली असते आणि कॅप्टन दिल्लीचं तापमान सांगत असतो. तिथेही "संपलं, सर" ऐकू येतं, फक्त त्यात आपले पैसे अडकलेले नसतात.

खाण्याचा दर्जा? बेताचा. थंड सँडविच, काजूचा डबा, आणि कपात पाणी ओतून होणारे उपमा-पोहे. त्या कपांतल्या मिठावरून २०२४ मध्ये बरीच ओरड झाली होती. वर मीठ फिकं लागतं हे मघाशी सांगितलंच, त्यामुळे खाताना ते जाणवत नाही, उतरल्यावर तहान लागते तेव्हा जाणवतं. रक्तदाब असलेल्यांनी त्या कपांच्या वाटेला जाऊ नये, असं माझं आपलं मत. एअर इंडिया एक्सप्रेस आणि अकासा यांच्याकडे आधी नोंदवलं तर निवड जरा बरी आहे. गरम जेवण हवंच असेल आणि तरी पैसे वेगळे मोजायचे असतील तर एक्सप्रेसचा विचार करून बघा.

पण तिकीट काढतानाच खाणं नोंदवून पैसे भरलेत, तर खेळ बदलतो. विमानात घेण्यापेक्षा ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं आणि क्रूच्या यादीत तुमच्या सीटसमोर लिहिलेलं असतं. ट्रॉली येण्याची वाट बघावी लागत नाही, नाव विचारून हातात देतात. मागच्या रांगेत असूनही मला पुढच्यांच्या आधी मिळालंय. एकदा नोंदवलेलं सँडविच चढलंच नव्हतं. क्रूने लिहून घेतलं, मी पावतीचा फोटो पाठवला, आणि पैसे परत आले. उशिरा आले, दोनदा आठवण करावी लागली, पण आले. कारण पावतीवर एक ओळ होती, तिच्यापुढे रक्कम होती. माझ्यासाठी तराजू तिथे झुकला. सँडविच पनीरच्या ताटापेक्षा चांगलं म्हणून नाही, कारण ते चांगलं नसतंच. माझं काय आणि त्यांची मेहेरबानी काय, हे तिथे स्पष्ट असतं म्हणून.

जेवण वेगळं विकायची परवानगी डीजीसीएनेच, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानेच, दिलेली आहे. सीट, बॅग, खाणं यांचे पैसे वेगळे लावता येतात, मात्र पिण्याचं पाणी त्यातून वगळलेलं आहे. म्हणजे बिनजेवणाच्या विमानातही प्यायला पाणी मागितलं तर पैसे द्यावे लागत नाहीत. बाटली विकत घेऊ नका, सरळ पेलाभर पाणी मागा, देतात. आणि जे शुल्क वेगळं आहे ते तुम्ही स्वतः निवडल्याशिवाय लावायचं नाही असाही नियम आहे, म्हणून पैसे भरायच्या आधी शेवटच्या पानावर काय-काय आपोआप चिकटलंय ते बघा. विमान उशिरा सुटणार असेल तर तुमचं तिकीट कुठलंही असो: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर चहा-खाणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. पुणे-दिल्ली यात बसतं. काउंटरवर जाऊन मागावं लागतं, न मागता ते क्वचितच बोलावून देतात.

लोक म्हणतात जेवण काढलं की प्रवासी तुटतो. मला तसं दिसत नाही. निदान आपल्या भागातला प्रवासी कधी कुठल्या कंपनीला जोडलेला होता? सोलापूरच्या माणसाची निष्ठा वेळापत्रकाशी. पुण्यात रात्री साडेअकराला उतरवणारं जेवणवालं विमान आणि संध्याकाळी सातला उतरवणारं उपाशी विमान यांत आपण सातचंच घेणार, कारण पुढे बस पकडून पहाटेच्या आत घरी पोचायचंय. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं हजारोंनी रद्द झाली, लोक विमानतळावर झोपले, तेव्हा सगळे म्हणत होते आता पुन्हा नाही. जानेवारीत बघितलं तर तीच रांग, कारण हव्या त्या वेळेला दुसरं विमानच नाही. याला निष्ठा म्हणायचं तर म्हणा.

वारंवार उडणाऱ्यांना कंपन्या देतात त्या पॉइंट्सचं म्हणाल तर माझा त्यावर फार जीव नाही. किंगफिशर बंद पडली तेव्हा तिच्या क्लबात साठवलेले पॉइंट्स लोकांना कुठे वापरता आले? आता एअर इंडियाचा महाराजा क्लब आहे, इंडिगोचं ब्लूचिप आहे. महिन्याला दोन-चारदा उडणाऱ्या, कंपनीच्या पैशाने फिरणाऱ्या माणसाने जरूर जमवावेत. आपल्यासारख्याला ते मुदत संपल्याचा मेल आल्यावर आठवतात.

खरी गंमत अशी की विमानातल्या ताटाची जागा मधल्या काळात विमानतळावरच्या लाउंजने घेतली. बँकेच्या कार्डावरून दोन रुपये कापून इडली, पोहे, भात, डाळ, हवं तेवढं. विमान कंपनी जेवण देत नाही म्हणून प्रवासी बँकेशी एकनिष्ठ झाला! मग तिथे इतकी गर्दी झाली की २०२४ पासून बहुतेक बँकांनी खर्चाच्या अटी घातल्या, आधीच्या तिमाहीत इतके हजार वापरले असतील तरच प्रवेश. म्हणजे ताट विमानातून लाउंजमध्ये गेलं, आणि आता तिथूनही निघालंय. तुमच्या कार्डाची अट घरीच तपासा. लोहगावला दारात उभं राहून कळण्यात मजा नाही. सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याहून उडान यात्री कॅफे सुरू केले, दहा रुपयांत चहा, वीस रुपयांत समोसा. पुढे आणखी विमानतळांवर ते आले. दिसलं तर सोडू नका, त्यात कमीपणा काही नाही.

आणि डबा? सोलापूरकर असून डब्याचं शेवटी काढतोय म्हणून रागवू नका. देशांतर्गत विमानात घरचं कोरडं खाणं न्यायला अडचण येत नाही, मला तरी कधी कोणी अडवलं नाही. पण कडक भाकरी नेऊ नका. ती मोडताना जो आवाज होतो त्याने तीन रांगा वळून बघतात आणि चुरा शेजारच्याच्या लॅपटॉपवर जातो. धपाटे न्या, मऊ राहतात, हाताला तेल कमी लागतं. शेंगा चटणी कोरडी, छोट्या डबीत, झाकण घट्ट. लसणाचा वास बंद विमानात फार लांब जातो, त्याची तयारी ठेवा. दही-ताक नेऊ नका, तपासणीतच वाद होऊ शकतो. सकाळी निघताना केलेले धपाटे दुपारी तीनला विमानात खाल्ले तर कुठल्याही ताटाची आठवण येत नाही, पण परतीच्या प्रवासाला ते उरत नाहीत. दिल्लीहून येताना प्रश्न पुन्हा उभा राहतोच, आणि माझी सगळी चिडचिड परतीचीच आहे.

हा गुंता आपल्या सोलापूरच्या गाडीत आधीच सुटलेला आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईची वंदे भारत धावते. तिचं तिकीट काढताना व्हेज, नॉन-व्हेज की जेवण नको असं विचारतात, आणि नको म्हटलं की खानपानाची रक्कम भाड्यातून खरंच वजा होते. घेतलं तर ठरलेलं ते सीटवर येतं. जेवण देणाऱ्या विमान कंपनीने एवढंच केलं, माझ्या ताटाची रक्कम वेगळी दाखवली आणि नको असेल तर कापली, तर मी उद्या परत तिच्याकडे जाईन. गरम पनीर मलाही आवडतं.

तोवर कोणाला काय घ्यावं? आई-वडील बरोबर असतील, लहान मुलं असतील, किंवा परदेशाचं सात-आठ तासांचं उड्डाण असेल तर जेवणासकटच घ्या आणि खास जेवण आधी नोंदवा. कंपनी पैसे देत असेल तर प्रश्नच नाही. दरातला फरक तीनशेच्या आत असेल आणि वेळ सोयीची असेल तरी जेवणवालं वाईट नाही, विशेषतः मांसाहार करत असाल तर, कारण ते कधी संपल्याचं मी ऐकलेलं नाही. पण एकटे असाल, शाकाहारी असाल, पुढची सीट पैसे देऊन घेणार नसाल आणि फरक पाच-सातशेच्या वर जात असेल, तर मी काय करतो ते सांगू शकतो. बिनजेवणाचं काढतो, जाताना डबा, येताना नोंदवलेलं सँडविच. त्यात एक काळजी घ्या. जाणं-येणं एकत्र तिकिटात काढलं की खाणं दोन्ही बाजूंना वेगवेगळं निवडावं लागतं. बरेच जण जातानाचं नोंदवतात, पुढे-पुढे दाबत जातात, आणि परतीचं कोरं राहतं. विमान सुटायच्या आधी ठरावीक वेळेपर्यंत ते नंतरही घालता येतं. पावती मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण वर गेल्यावर बहुतेक विमानांत इंटरनेट नसतं आणि मेल उघडत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पानिपतला जायचंय. तिकीट काढलंय, सीट सव्विसावी रांग, परतीला पनीरचं सँडविच, पैसे भरलेले.